दुसऱ्यांच्या मुलांना गोष्टी सांगताना

(भीमजयंती समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही रक्तदाब आणि मधुमेह यांविषयी चार शब्द सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. दरवर्षी कोणीतरी डॉक्टर ते सांगतो आणि दरवर्षी त्यानंतरच्या जेवणात गुलाबजाम असतातच. म्हणून यंदा आम्ही विषय बदलण्याची परवानगी मागून घेतली. गेली काही वर्षे आम्ही आणि आपल्यातील पाच-सहा कुटुंबे महिन्यातून दोन शनिवारी डेट्रॉईट शहरात जातो. तेथे एका दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात आणि ग्रंथालयाच्या एका शाखेत लहान मुलांना पुस्तके वाचून दाखवितो, गोष्टी सांगतो. ही मुले आपली नव्हेत. बहुतेक कृष्णवर्णीय आहेत, काही हॅमट्रॅमॅकच्या बाजूने येणाऱ्या बांगलादेशी व येमेनी कुटुंबांतील आहेत. "आपल्या मुलांचे रविवारचे धम्मवर्ग धड चालत नाहीत आणि हे लोक दुसऱ्यांच्या मुलांकडे कशाला जातात?" असा प्रश्न गेल्या सर्वसाधारण सभेत विचारला गेला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सभेच्या पाच मिनिटांत देता आले नाही, ते आज द्यावयाचे आहे.

प्रथम वैद्यकाविषयी. आम्ही बालरोगतज्ज्ञ आहोत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही शिकलो तेव्हा मुलाचे वजन, उंची, लस, जुलाब आणि खोकला हे आमचे विषय होते. मुलाच्या हाती पुस्तक देणे हे डॉक्टरचे काम आहे, असे तेथे कोणी शिकविले नाही, आणि त्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते शक्यही नव्हते. हा विचार आम्हांस अमेरिकेत भेटला. १९८९ साली बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये बॅरी झुकरमन आणि रॉबर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह 'रीच आउट अँड रीड' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याची रीत अगदी साधी आहे. पाच वर्षांपर्यंतचे मूल नियमित तपासणीस आले की डॉक्टर त्याला वयानुरूप एक नवे पुस्तक देतो, ते घरी न्यावयाचे असते. आईवडिलांना पुस्तक कसे दाखवावे हे डॉक्टर तेथेच करून दाखवितो. बाहेर प्रतीक्षाकक्षात स्वयंसेवक मुलांना वाचून दाखवितात. आज हा उपक्रम अमेरिकेच्या सर्व राज्यांत चालतो. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ साली असे मोठ्याने वाचून दाखविण्याचा सल्ला देणे हा नियमित तपासणीचा भाग मानला आणि २०२४ मध्ये ते धोरण पुन्हा मांडले.

यामागील शास्त्र फार गूढ नाही. जन्मतः मुलाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या सुमारे पाव आकाराचा असतो आणि पाचव्या वर्षापर्यंत तो जवळजवळ नव्वद टक्के वाढलेला असतो. शाळेत नाव घालण्यापूर्वीच बांधकामाचा मोठा भाग उरकलेला असतो, असे म्हणावयास हरकत नाही. सहा महिन्यांचे मूल पुस्तक तोंडात घालते. त्यासाठीच ती पुस्तके जाड पुठ्ठ्याची असतात, आणि आईने त्याच्यावर रागवावयाचे नसते. वर्षाचे मूल चित्रावर बोट ठेवते. दीड वर्षाचे स्वतः पान उलटू लागते. दोन वर्षांचे मूल तीच गोष्ट सतरा वेळा सांगावयास लावते, आणि तीन वर्षांचे आपण एक शब्द गाळला तर आपली चूक काढते. आम्ही तपासणीच्या खोलीत शिरताना आता स्टेथॉस्कोपच्या आधी पुस्तक पुढे करतो. मूल ते कसे धरते, आईकडे वळून पाहते की नाही, कुत्र्याचे चित्र पाहून काही म्हणते की नाही, यावरून एका मिनिटात जे कळते ते अर्ध्या तासाच्या प्रश्नावलीतून कळत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १९९५ साली या देशात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब घरातील मूल चार वर्षांचे होईतो सुखवस्तू घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते, असा त्याचा गाजलेला निष्कर्ष. तो कॅन्सस प्रांतातील अवघ्या ४२ कुटुंबांवर आधारलेला होता आणि पुढील संशोधकांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले आहेत. तरी गरीब आई मुलाशी बोलत नाही, हा समज मात्र रूढ झाला. मित्रहो, हा आरोप आपल्या ओळखीचा आहे. आपल्या आज्यांना अक्षर येत नव्हते, पण जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी येई, आणि १९५६ नंतर त्याच ओवीत भीमरायाचे आणि बुद्धाचे नाव आले. त्या घरांत शब्दांचा दुष्काळ नव्हता. दुष्काळ होता तो पुस्तकांचा, दिव्याचा आणि सवडीचा. डेट्रॉईटमध्येही आम्ही हेच पाहतो. दोन नोकऱ्या करून बसने दवाखान्यात आलेली आई मुलाशी भरपूर बोलते. तिच्याकडे पुस्तक नसते, इतकेच. आमच्या प्रतीक्षाकक्षातील पुस्तके पूर्वी वारंवार नाहीशी होत. स्वागतकक्षातील भगिनी तक्रार घेऊन आल्या, तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो की ज्या दवाखान्यातून पुस्तके चोरीस जातात त्या वस्तीचे भवितव्य उत्तम आहे.

आता त्या शहराविषयी. आपण येथे वीस-पंचवीस वर्षे राहतो, परंतु आपल्यापैकी अनेकांनी एट माईल रोड ओलांडला तो केवळ विमानतळाकडे किंवा फुटबॉलच्या सामन्याला जाण्यासाठी. त्या रस्त्याच्या दक्षिणेस, बर्वुड स्ट्रीटच्या मागे, एक भिंत आहे. ती सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब असून १९४१ साली बांधलेली आहे. पलीकडे कृष्णवर्णीयांची वस्ती होती, आणि तिच्या शेजारी गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची तर सरकारी हमीचे कर्ज मिळेना, म्हणून विकासकाने मध्ये भिंत घातली. मग कर्ज मिळाले. आज त्या भिंतीच्या एका भागावर रंगीत चित्रे आहेत आणि शेजारी मुलांचे क्रीडांगण आहे. आपल्यातील एका ज्येष्ठ भगिनींना आम्ही ती दाखविली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एकच शब्द म्हणाल्या : गावकूस.

त्या शहरातील सात विद्यार्थ्यांनी २०१६ साली राज्य सरकारवर दावा लावला. त्यांची मागणी वाचावयास शिकविले जावे एवढीच होती. वर्गांत पुरेशी पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत, एका शाळेत तर आठवीच्या विद्यार्थ्याने महिनाभर गणित शिकविले, असे त्यांनी न्यायालयास सांगितले. अमेरिकेच्या संघराज्य संविधानात शिक्षण हा शब्दच नाही, आणि १९७३ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा त्या संविधानाखाली मूलभूत हक्क नाही, असे म्हटले होते. त्यामुळे २०१८ मध्ये दावा फेटाळला गेला. २०२० च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायाधीशांनी अक्षरओळख मिळणे हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. मे महिन्यात राज्याने तडजोड केली, आणि त्याच महिन्यात त्या न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निर्णय रद्दबातल ठरविला. तडजोडीतील ९ कोटी ४४ लाख डॉलर्स विधिमंडळाने २०२३ मध्ये मंजूर केले. पैसा मिळाला, परंतु हक्काचा प्रश्न होता तेथेच राहिला. आपल्या संविधानात बाबासाहेबांच्या काळापासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व होते आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने ते मूलभूत हक्कांत आले. भारतातील शाळांची स्थिती आपणांस ठाऊक असल्याने यात फुशारकीचे कारण नाही. तरीही जगातील सर्वांत श्रीमंत देशात मुलांना वाचनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला. जोतीरावांनी अमेरिका पाहिली नव्हती. आपण तर तेथे घर बांधून राहिलो आहोत. दुसऱ्यांच्या मुलांकडे का जावयाचे, या प्रश्नाचे आमच्या परीने पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर आमच्या ध्यानात उशिरा आले. ते गोष्टींविषयी आहे.

ग्रंथालयात पहिले काही महिने आम्ही तेथीलच पुस्तके वाचीत होतो. एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे १९६२ चे पुस्तक मुलांना फार आवडते. लाल झगा घातलेला एक लहान कृष्णवर्णीय मुलगा बर्फात खेळतो, एवढीच त्याची कथा. लेखक स्वतः पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० मध्ये जाहीर केले की त्यांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा, म्हणजे ४,८५,५८३ वेळा, घरी नेलेले पुस्तक हेच. ते निघाले तेव्हाची स्थिती काय होती? नॅन्सी लॅरिक या बाईंनी १९६५ मध्ये हिशेब मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तके केवळ ३४९ होती. पुस्तकात आपल्यासारखे कोणीच नसेल तर मूल त्यातून काय शिकते? ही जागा आपली नव्हे, हे शिकते. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत आपल्या वस्त्या, आपले आईबाप, आपली आडनावे शोधणारी आमची पिढी हे जाणते.

एके दिवशी ग्रंथपाल भगिनी आम्हांस म्हणाल्या, "तुमच्याकडची एखादी गोष्ट सांगा ना." आम्ही उत्साहाने होकार दिला आणि घरी येऊन विचारात पडलो. तुमच्याकडची म्हणजे कोणाकडची? दुकानांत मिळणारी भारतीय बालपुस्तके उघडली तर राजपुत्र, ऋषी, राक्षस आणि दिवाळी. ती आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकलेली नव्हेत.

न्यूयॉर्कमध्ये याच अडचणीतून एक बाई गेल्या होत्या. पुरा बेलप्रे त्यांचे नाव. त्या पोर्टो रिको बेटावरून आल्या आणि १९२१ साली हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील ग्रंथालयात कामास लागल्या. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तेथून ही शाखा फार दूर नाही. बाबासाहेब मात्र १९१६ मध्येच न्यूयॉर्कहून लंडनला गेले होते. बेलप्रे बाईंना शेल्फांवर आपल्या बेटाची एकही लोककथा दिसली नाही. तेव्हा त्यांनी आजीकडून ऐकलेल्या कथा इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत मुलांना सांगावयास प्रारंभ केला आणि पुढे १९३२ मध्ये त्यांतील एक पुस्तकरूपानेही आणली. गोष्ट शेल्फावर नसेल तर ती सांगणाऱ्याने आणावयाची असते, हा धडा आम्ही त्यांच्याकडून घेतला.

मग आम्ही जातककथांपासून सुरुवात केली. सार्वजनिक ग्रंथालयात धर्मप्रचार करावयाचा नसतो आणि आम्ही तो करीत नाही. पण पारध्याचे जाळे सर्वांनी मिळून उचलून नेणारे लावे पक्षी, आणि पुढे भांडणात अडकून पडलेले तेच पक्षी, ही गोष्ट ऐकण्यास कोणत्याही धर्माचे असावे लागत नाही. मुलांनी हातात चादर धरून जाळे उचलले. पारधी होण्यास मात्र कोणी तयार होईना, तेव्हा ते काम डॉक्टरकडे आले.

दुसऱ्या वर्षी धीर करून बाबासाहेबांच्या बालपणीची एक गोष्ट सांगितली. त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहिलेली ती घटना आपणांस ठाऊक आहे. १९०१ साल. साताऱ्याहून चार मुले वडिलांना भेटावयास आगगाडीने निघाली, नवे कपडे घालून. मसूर स्टेशनवर त्यांना न्यावयास कोणीच आले नाही, कारण त्यांचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान त्यांना बसवून नेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही, आणि पाण्यावाचून जेवण तसेच राहिले.

आम्ही येथवर आलो तेव्हा सात-आठ वर्षांची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांचा रंग कोणता होता?" आम्ही सांगितले की सर्वांचा रंग एकच होता, गाडीवानाचा, स्टेशनमास्तरचा आणि मुलांचा. तिला ते पटेना. "मग त्यांना ओळखले कसे?" चाळीस वर्षे जातिव्यवस्थेवरील ग्रंथ वाचणाऱ्या आम्हांस या प्रश्नाचे सात वर्षांच्या मुलीला समजेल असे उत्तर शोधावे लागले. विचारल्यावरून ओळखले, एवढेच आम्ही म्हणालो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मी सांगितलेच नसते." मागे स्वयंसेवक म्हणून आलेली आपल्यातील दोन मोठी मुले बसली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. परतीच्या वाटेवर, मोटारीत, त्यांपैकी एकाने आम्हांस विचारले की त्याच्या आईवडिलांनी येथे आल्यावर आडनाव का बदलले. तोवर त्याने हा प्रश्न घरी कधी विचारला नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी ग्रंथपाल भगिनींनी आपली गोष्ट आणली. १९५९ साली दक्षिण कॅरोलायनातील लेक सिटी या गावी नऊ वर्षांचा रॉन मॅकनेअर सार्वजनिक ग्रंथालयात विज्ञानाची पुस्तके घेण्यास गेला. कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. तो हलेना. पोलिसांना बोलाविले, त्याच्या आईलाही बोलाविले. त्याचे बंधू सांगतात की पोलिसांनीच अखेर मुलाला पुस्तके द्यावीत, असे सुचविले. त्या मुलाने पुढे एम.आय.टी.मधून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट घेतली, १९८४ मध्ये तो अंतराळात गेला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या अपघातात मरण पावला. ज्या इमारतीत त्याला पुस्तक नाकारले, तेथे आज त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. दोन्ही गोष्टी आम्ही आता जोडीने सांगतो. एका मुलाला पाणी नाकारले, दुसऱ्याला पुस्तक. मुलांना तुलना समजावून सांगावी लागत नाही.

आपल्यातील काही पालकांचे म्हणणे असे की आपल्या मुलांपुढे हे सर्व काढूच नये. ती मोकळ्या हवेत वाढत आहेत, त्यांच्या पाठीवर हे ओझे कशाला? या भावनेचा आम्ही आदर करतो, कारण ती प्रेमातून आलेली आहे. परंतु आमचा अनुभव वेगळा आहे. मूल ही गोष्ट कधीतरी ऐकतेच. महाविद्यालयाच्या वसतिगृहात एखाद्या सहाध्यायाने आडनाव विचारून ती ऐकविण्यापेक्षा, दुसऱ्या मुलांच्या सोबतीने, प्रेमाच्या माणसाकडून ती ऐकलेली बरी. आणि ती ऐकणारी मुले रडत बसत नाहीत, त्यांना राग येतो. नऊ वर्षांच्या मुलाला अन्यायाचा राग येणे हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण आहे, हे आम्ही डॉक्टर म्हणून सांगतो.

भाषेविषयी थोडेसे. दवाखान्यात अरबी किंवा बंगाली बोलणाऱ्या आया विचारतात की मुलाशी इंग्रजीतच बोलावे काय. आम्ही सांगतो की ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि लाड करता त्याच भाषेत बोला. पुस्तक इंग्रजी असले तरी चित्र पाहून आपल्या भाषेत गोष्ट सांगता येते. मूल दोन भाषांनी गोंधळून जात नाही. हाच सल्ला आम्ही मराठी घरांत देतो तेव्हा मात्र कोणी ऐकत नाही!

ज्यांना यावयाचे आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. ग्रंथालय स्वयंसेवकांच्या पोलिसांकडील नोंदी तपासते. त्यास तीन-चार आठवडे लागतात आणि त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. खुर्चीवर न बसता मुलांच्या उंचीवर बसावे, पुस्तकाचे पान त्यांच्याकडे करावे. गोष्टीच्या शेवटी "यावरून काय बोध घेतलास?" असे विचारू नये. ही सवय आपल्या शाळामास्तरांनी आपल्याला लावली आहे, ती प्रयत्नपूर्वक सोडावी. मूल मध्येच उठून गेले तर जाऊ द्यावे, ते परत येते. दर वेळी छायाचित्रे काढू नयेत. परक्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीवाचून काढणे नियमांतही बसत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे एकदा नाव दिले की यावे. जी माणसे एकदा येऊन परत येत नाहीत त्यांची या मुलांना सवय आहे.

पुस्तके आणताना घरातील जुनी, फाटकी, नावे लिहिलेली आणू नयेत. बाबासाहेबांनी उपाशी राहून न्यूयॉर्कमध्ये ग्रंथ घेतले. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांचा ग्रंथसंग्रह वेगळ्या बोटीने पाठविला आणि ती बोट महायुद्धात बुडाली. पुढे दादरला 'राजगृह' बांधताना त्यांनी घराची आखणीच ग्रंथांसाठी केली. त्यांच्या जयंतीच्या खर्चातून सजावटीची फुले थोडी कमी करून नवी कोरी शंभर पुठ्ठ्याची पुस्तके घ्यावीत, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. कोषाध्यक्ष महोदय आमच्याकडे पाहत आहेत, त्यांची अनुमती आहे असे आम्ही समजतो.

पुढील शनिवार मे महिन्याचा दुसरा. ग्रंथालयात सकाळी साडेदहा, दवाखान्यात दुपारी एक. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. त्या दिवशी लाव्यांची गोष्ट आहे आणि आम्हांस पारध्यासाठी दुसरा माणूस हवा आहे, कारण आमचे गुडघे आता साथ देत नाहीत.

जयभीम.